हसीनाबीचा ढेकर

आमच्या औषधाच्या दुकानाला आणि हसीनाबीच्या बांगड्यांच्या दुकानाला एकच भिंत होती. त्यामुळे दुपारी तिचं जेवण झालं की तिचा ढेकर आधी आमच्याकडे ऐकू यायचा आणि मग रस्त्यावर. तो साधासुधा ढेकर नसे. खोलवरून निघायचा, मध्ये क्षणभर अडायचा आणि मग विहिरीत बादली आपटावी तसा बाहेर पडायचा. समोरचा बियाण्यांचा दुकानदार म्हणायचा, "झालं बीचं जेवण." बाबा गिऱ्हाइकाला गोळ्या देता देता मान वर न करता हसायचे. रिसोडच्या त्या बाजारात जेवणाची वेळ झाली हे कळायला कुणाला घड्याळ बघावं लागत नसे.

मला लहानपणी त्या आवाजाची लाज वाटायची. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. ढेकर आला तर 'एक्सक्यूज मी' म्हणायचं, हे आम्हाला पहिलीतच शिकवलं होतं. एकदा धीर करून मी तिला ते सांगितलं.

"कोणाले म्हणायचं?" तिनं विचारलं.

"जो समोर असेल त्याला."

"काहून? त्याच्या पोटातून आला का?"

यावर मला काही सुचलं नाही. मला बहुतेक वेळा काही सुचत नाही, किंवा सुचतं तेव्हा समोरचा माणूस निघून गेलेला असतो. हसीनाबीनं माझं नाव 'मुकी' ठेवलं होतं. त्यात टोमणा नव्हता. बाजारात एक लंगडा गणपत होता, एक काळा गणपत होता, तशी मी मुकी होते.

ती ठेंगणी आणि रुंद होती. सुती साडी, डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर, पानाने रंगलेले ओठ. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, पण दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरलेले असत. त्यावरून तिच्याच नात्यातल्या बायका पूर्वी कुजबुजायच्या म्हणे. ती त्यांना सांगायची, "मीच माहा माल नाही घातला त तुमी कायले घ्यान?" गंमत म्हणजे तिच्या हातातल्या कोणत्याही दोन बांगड्या सारख्या नसत. डझनातल्या बाकीच्या फुटल्या की उरलेली एकटी बांगडी ती स्वतःच्या हातात चढवायची. हिरवी, तिच्याशेजारी जांभळी, मग सोनेरी ठिपक्यांची, मग एखादी लग्नाच्या चुड्यातली. तिचा हात बघितला की गावातल्या सगळ्या लग्नांमधलं थोडंथोडं उरलेलं काहीतरी तिथे जमा झालंय असं वाटायचं.

बांगड्या भरताना ती एकच वाक्य बोलायची. "हात सोड." बाकी गप्पा चालूच असत, पण त्या हाताशी नसत. हाताशी ती एवढंच बोलायची. आमच्या शाळेत बांगड्या चालत नसत. सणाला मी त्या भरायचे आणि सोमवारी उतरवायचे, त्यामुळे दर वेळी माझा हात नवाच असायचा आणि दर वेळी मी तो आवळून धरायचे. हसीनाबी माझा पंजा दोन्ही हातांत घ्यायची, अंगठ्याखालचं हाड दाबत राहायची आणि थांबायची. घाई करायची नाही.

"हात सोड, पोरी. मी काई चोरून नाही नेत तुहा हात."

मग मी दुसरीकडे कुठेतरी बघायचे, आणि मी बघत नसताना बांगडी चढलेली असायची.

तिचं खरं काम लग्नघरात असे. वाशीम, मंगरूळपीर, मानोऱ्याकडची कितीतरी घरं नवरीचा चुडा तिच्याकडूनच भरून घेत. लाकडी पेटी घेऊन ती जीपने जायची. घरधनीण पेटीला हळद-कुंकू लावायची, हसीनाबी पहिली बांगडी कपाळाला टेकवून "बिस्मिल्ला" म्हणायची, आणि या दोन्ही गोष्टी इतक्या वर्षांत एकमेकींच्या इतक्या सवयीच्या झाल्या होत्या की एक राहिली तर दुसरीलाही चुकल्यासारखं वाटलं असतं.

एकदा मी सोबत होते तेव्हा नवरीची होणारी सासू माप बघायला मुद्दाम आली होती. बांगडी हाताला घट्ट बसली पाहिजे, सैल बांगडी म्हणजे गबाळं ध्यान, असं तिचं म्हणणं. हसीनाबीनं तिच्यासमोर घट्ट मापाची बांगडी दाखवली, "हेच भरतो" म्हणाली, आणि सासू चहाला उठून गेल्यावर शांतपणे एक माप मोठी भरायला लागली. नवरी घाबरली.

"बी, आत्याबाई पाह्यतील न!"

"पाहू दे. आज तुहा हात निवांत हाये. उद्या मेंदी लागन, परवा रडशीन, मंग पाणी भरशीन, धुणं धुशीन. हात सुजते. घट्ट बांगडी सुजल्या हातात फुटली त म्हणतीन पोरगीच अपशकुनी." मग जरा थांबून, दाराकडे बघत, "अन् सासूले म्हणजो, बीले म्हातारपणी दिसत नाही."

चुडा भरून झाला की जेवण. ही तिच्या सासूपासूनची रीत होती. जिच्या हातात चुडा भरला तिच्या घरचं पोटभर खाल्ल्याशिवाय पेटी उचलायची नाही. आणि त्या घरांची त्यापुढची रीत अशी, की बी जेवली याची खूण म्हणजे तिचा ढेकर. तो आला की स्वयंपाकघरातून बायका ओरडायच्या, "लाभला वं चुडा!" आग्रह करणारी जितकी दमदार, तितका ढेकर मोठा. हे सगळं हसण्यावारी चालायचं, पण त्यात हसण्यापलीकडचंही काही होतं. मी अशा घरात बायकांना वाढणं थांबवून, कान देऊन, त्या आवाजाची वाट बघताना पाहिलंय.

तो ढेकर कुठून येतो हे आम्हाला पुढे कळलं.

ती बसून झोपते हे बाजारात सगळ्यांना माहीत होतं. दुपारी दुकानात ती भिंतीला उशी लावून, पाय पसरून बसल्या बसल्या घोरायची. घरीही तशीच झोपायची, गाद्यांच्या चळतीला टेकून. आडवं झालं की घशाशी आंबट येतं, छातीवर कुणी बसल्यासारखं होतं, असं म्हणायची. बाबा तिला छातीतल्या जळजळीचं गुलाबी औषध द्यायचे आणि दर वेळी डॉक्टरला दाखवायला सांगायचे. शेवटी जेवताना घास अडकायला लागला आणि दोन जिने चढले की धाप लागायला लागली, तेव्हा तिची मुलगी पुसदहून आली आणि तिला वाशीमला घेऊन गेली. छातीचा फोटो झाला, तोंडातून नळी घालून तपासणी झाली. परत आली ती थेट आमच्या काउंटरवर.

"भाऊ, मले हरनिया हाये."

"कुठं?" बाबांनी विचारलं.

"छातीत."

औषध घ्यायला आलेली एक बाई म्हणाली, "हरनिया त बाप्यामाणसायले होते न वं बी!"

"त्याईचा खाली राह्यते. माहा वर गेला." मग तिनं हातातली एक सैल बांगडी काढली, डाव्या हातात आडवी धरली आणि उजव्या हाताची मूठ खालून तिच्यात घातली. "हे पाह्य. छाती अन् पोटाच्या मधात पडदा हाये. त्या पडद्याले भोक, अन्नाची नळी जायाले. जवानीत ते दोन-चारच्या मापाचं होतं. आता झालं दोन-दहाचं. मंग पोट कायले खाली बसन?" आणि मूठ बांगडीतून वर सरकली. "चढलं वर. तथीच बसून राह्यलं."

डॉक्टरांनी तिला हे कागदावर काढून दाखवलं होतं. त्याची बांगडी तिनं वाटेत केली असावी. त्यानंतर कित्येक महिने, विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही, ती हे मूठ आणि बांगडीचं करून दाखवायची. मुलं तर मुद्दाम विचारायला यायची. "बी, तुमचं पोट कोठी हाये?"

पण डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती, आणि ती मात्र तिनं फक्त बाबांना सांगितली. मी गोळ्यांची पाकिटं लावत होते, म्हणून मलाही ऐकू आली. जठराचा बराचसा भाग छातीत चढलाय. क्वचित असं होतं, पण होतं, विशेषतः म्हाताऱ्या माणसांत: एखाद दिवशी ते तिथल्या तिथे पिळलं जातं. मग आत गेलेलं बाहेर येत नाही, वारासुद्धा नाही. ते फुगत जातं आणि फुप्फुसाला, हृदयाला दाबतं. तसं झालं तर वेळ फार थोडा असतो. ऑपरेशन करून घ्या, तोवर थोडं थोडं खा, भरपेट कधीच नको.

"मग करून घ्या न बी," बाबा म्हणाले.

"सीझन जाऊ द्या."

लग्नाचा सीझन गेला, मग तिला पावसाळ्यात टाके पिकतील असं वाटलं, मग दिवाळी आली, मग पुन्हा सीझन. मधल्या दिवसांत ती खरंच सांभाळून खायची. डब्यात अर्धी भाकरी आणायची. पण चुड्याच्या दिवशी नाही. बाबा रागावले की म्हणायची, "त्या पोरीच्या घरी अर्धपोटी उठू का? तिच्या नशिबात अर्ध ठेवू?"

माझ्या मामाचं गाव आसेगाव. मामेबहीण स्वातीचं लग्न ठरलं तेव्हा मामीनं चुड्यासाठी हसीनाबीलाच बोलावलं, आणि रिसोडहून मी तिच्यासोबत गेले. चुडा छान भरला. स्वातीच्या दोन्ही हातांत मिळून एकही बांगडी वाढली नाही. आमच्याकडे फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. मग पान मांडलं.

माझी मामी आग्रहासाठी प्रसिद्ध. तिला नको म्हणणारा माणूस अजून भेटायचाय.

"बी, पोळी."

"बस झालं, माय."

"माह्या पोरीचा चुडा भरला तुमी, अन् दोन पोळ्यावर उठता? लोक काय म्हणतीन?"

"लोकाईले म्हण बीचं पोट वरच्या मजल्यावर हाये, जिना चढाले टाइम लागते."

सगळ्या हसल्या. पोळी वाढली गेली. वरण, वांग्याची भाजी, कढी, मूठभर बुंदी आणि त्यावर आणखी मूठभर. हसीनाबी हात आडवा करत होती आणि खातही होती. मी पंगतीच्या टोकाला बसून बघत होते.

जेवण संपलं. बायका वाट बघत राहिल्या. ढेकर आला नाही.

आधी तिनं छाती चोळली. मग ती पुढे वाकली. ओकारीचा उमाळा आला, एकदा, दोनदा, पुन्हा, पण बाहेर काही पडेना. थुंकीसुद्धा गिळता येईना. तोंडाला फेस आला तो तिनं पदरानं पुसला.

"गॅस धरला," मामी म्हणाली. "ढेकर अडकला. लिंबू आण वं, सोडा आण."

आमच्याकडे पोट फुगलं की लिंबाच्या पाण्यात खायचा सोडा घालून, तो फसफसत असतानाच पाजतात. घरोघर हेच करतात, मीही प्यायलेय. मामीनं एक ग्लास पाजला. तो घोट घोट करत कसाबसा खाली गेला, आणि तिचा श्वास आणखी तोकडा झाला. मामीनं दुसरा ग्लास भरला. "येईन, आता येईन ढेकर," असं म्हणत ती तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. खरंच मायेनं फिरवत होती. दुसऱ्या ग्लासातलं अर्धं बाहेर सांडलं आणि हसीनाबीचे ओठ, पानाचा रंग असूनही, जांभळे दिसायला लागले.

मामानं जीप काढली. वाशीमपर्यंत मी तिचा हात धरून होते. इतक्या वर्षांत तिनं कितीतरी वेळा माझा हात धरला होता, पण मी तिचा पहिल्यांदाच धरत होते. तिची मूठ आवळलेली होती, दगडासारखी.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते आणि भराभर हालचाली करत होते. डाव्या बाजूला श्वास ऐकू येत नाही म्हणाले. लगेच फोटो काढला. डाव्या छातीत हवाच हवा, फुप्फुस एका कोपऱ्यात दबलेलं, हृदय उजवीकडे ढकललेलं. फुप्फुस फुटून छातीत हवा भरली असेल तर असाच फोटो दिसतो, हे आता मला माहीत आहे. बरगड्यांमधून नळी घालून हवा काढायची म्हणून सिस्टरनं कुशीची जागा पुसायला घेतली. हे करता करताच डॉक्टरांनी विचारलं, "आधीचा काही आजार? दमा? टीबी?"

"काईच नाही जी," मामी रडत म्हणाली. "नुसता गॅस. दोनदा सोडा देला, तरी ढेकर नाही आला."

तेव्हा हसीनाबी हलली. तिच्या तोंडावर मास्क होता, बोलता येत नव्हतं. तिनं चाचपडत उजव्या हातानं डाव्या हातातली एक बांगडी ओढायला सुरुवात केली. मामीनं ते बघितलं आणि हंबरडाच फोडला. "बी, बांगड्या कायले काढता! असं नका करू वं बी!" तिनं तिचा हात धरून ठेवला. जाणारी बाई स्वतःच्या हातानं बांगड्या उतरवते आहे, असं तिला वाटलं. सिस्टरलाही तसंच वाटलं असणार, तीही क्षणभर थांबली. पण बांगडी निघाली होती. हसीनाबीनं ती छातीवर आडवी धरली आणि थरथरती मूठ खालून तिच्यात घालायला लागली. मूठ जात नव्हती, तरी ती घालत होती, आणि बघत माझ्याकडे होती.

"पोट," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले. "तिचं पोट छातीत आहे. हायटस हर्निया. याच शहरात तपासणी झालीय."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी फोटो पुन्हा उजेडात धरला, बराच जवळ नेला. "थांबा," ते सिस्टरला म्हणाले, आणि फोनवर त्यांच्या वरिष्ठांशी चारच वाक्यं बोलले. मग कुशीत घालायची नळी बाजूला ठेवून त्यांनी नाकातून घालायची बारीक नळी घेतली. पहिल्यांदा ती अडली. दुसऱ्यांदाही अडली, मग हळूहळू सरकली.

आणि हवा सुटली. आधी फुसफुस, मग फेस, मग मध्ये क्षणभर अडून एक लांबलचक, खोल आवाज. मामी रडायची थांबली. मी, मामी, मामा, आम्ही तिघांनीही तो आवाज ओळखला. नळीतून आला होता एवढंच.

हसीनाबीनं श्वास घेतला. पूर्ण.

नंतर डॉक्टरांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. छातीतली हवा पोटात होती, फुप्फुसाबाहेर नव्हती. कुशीतून नळी घातली असती तर ती सरळ जठरात शिरली असती. बोलता बोलता ते मामीला म्हणाले, "मावशी, सोडा द्यायला नको होता. आत कोंडलेल्या जागेत आणखी वारा भरला गेला." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता.  पण मामी बाकावर बसून हातातली वाढलेली बांगडी, ओढाओढीत तिचीच एक फुटली होती, ती तुकडा तुकडा करून पदरात ठेवत राहिली.

दुसऱ्याच दिवशी हसीनाबीचं अकोल्याला ऑपरेशन झालं. आत न्यायच्या आधी तिथल्या सिस्टरनं बांगड्या फोडायला चिमटा आणला. "फोडाची नाही," हसीनाबी म्हणाली, आणि साबण लावून तिनं एकेक स्वतः उतरवली. एकही वाढू दिली नाही. त्या ठेवायच्या कुठे हे मला कळेना, म्हणून मी त्या माझ्या हातात घातल्या. सैलच होत्या. ती आत होती तेवढा वेळ मी हात हलवायचे नाही म्हणून मांडीवर ठेवून बसले होते.

पोट खाली आणलं, भोक शिवून लहान केलं, जठराचा वरचा भाग अन्ननळीभोवती गुंडाळून टाके घातले. सर्जन वयस्कर होते. तिला म्हणाले, "आजी, आता जळजळ होणार नाही. आडवं झोपता येईल. एक गोष्ट मात्र, आता ढेकर फारसा येणार नाही."

ती विचारात पडली. "मंग मी जेवली हे लोकाईले कसं समजन?"

सर्जन हसले. ती हसली नाही.

दुकान पुन्हा उघडलं. दुपारी जेवणाच्या वेळी भिंतीपलीकडे शांतता असे. सुरुवातीला बियाण्यांच्या दुकानदाराचं लक्ष सवयीनं इकडे जायचं. हसीनाबी वाटीभर पेज प्यायची आणि पलीकडच्या दुकानातल्या पोरींना सांगायची, "मी आता मुर्द्यावानी सरळ झोपतो, मालूम?" ते ती मोठ्या कौतुकानं सांगायची. तेवढंच.

लग्नघरांनी तिला बोलावणं बंद केलं. वाईटपणानं नाही. सगळे भले लोक. दुकानात यायचे, चुड्याचे डझन निवडायचे, म्हणायचे, "बी, तुमाले कायले तरास? आमी तिकडंच भरून घेतो." खरं कारण मला ठाऊक होतं आणि तिलाही. बोलावलं तर जेवायला वाढावं लागणार, आणि वाढलं आणि पुन्हा तसंच झालं तर? लग्नाच्या घरात ही भीती कुणाला हवी असते? ती बांगड्या कागदात गुंडाळायची, दोरा बांधायची, आणि कागदाच्या पुडीला म्हणायची, "एक माप मोठी देली हाये. पोरीले सांगजा." लाकडी पेटी कपाटाच्या वर गेली.

मामी तर दुकानाकडे फिरकलीच नाही. आसेगावहून रिसोडला आली तरी आमच्या घरूनच परस्पर परत जायची. मग तिच्या धाकटीचं, प्रियाचं लग्न ठरलं. एक दिवस मामी आमच्या काउंटरपाशी येऊन उभी राहिली आणि हळू आवाजात मला म्हणाली, "तू इचारून पाह्य न त्याईले. माही हिंमत होत नाही."

"भिंत एकच हाये वं!" पलीकडून आवाज आला. "इकडून ये."

मामी गेली. मीही मागे गेले आणि दारात थांबले.

"बी, माह्या हातून…"

"काय तुह्या हातून? सोडा देला. जहर देलं का?"

मामीचे डोळे भरले. "प्रियाचा चुडा तुमीच भरा. जीप पाठवतो. पण बी, जेवाचं मी काई म्हणत नाही. तुमी नुसत्या या, भरा, अन् सुखानं घरी जा."

हसीनाबीनं समोरचे हिरवे डझन एकावर एक नीट रचले. मग म्हणाली, "जेवाले नाही म्हणत, त मंग मी येत नाही."

मामीनं त्यातला वरचा डझन उचलला, पुन्हा जागेवर ठेवला. शेवटी मामी म्हणाली, "या. वाढन मी."

तो उन्हाळ्यातला दिवस होता. अंगणात मांडव, आत बायकांची गर्दी. मामीनं पेटीला हळद-कुंकू लावलं. हसीनाबीनं पहिली बांगडी कपाळाला टेकवली. "हात सोड," ती प्रियाला म्हणाली. अर्ध्या तासात चुडा भरला. आणि मग पान मांडलं.

पानात चमचाभर वरण-भात आणि बुंदीचे चारदोन दाणे होते. मामीनं ते ठेवलं आणि मागे सरून भिंतीला लागून उभी राहिली.  आमच्या त्या घरात जेवणारीसमोर अशी शांतता मी कधी ऐकली नव्हती. हसीनाबी पानाकडे बघत मांडीवर हात ठेवून बसून राहिली.

"काय झालं, बी?" स्वातीनं घाबरत विचारलं.

"आग्रह कोण करन? मांडव?"

कुणाला काही कळेना.

"मी काय हॉटेलात बसली का? वाढलं अन् सरकली मांगं. आग्रह कर न वं!"

मामी पुढे आली. घसा साफ केला. "घ्या न बी."

"नाही माय, बस."

"काऊन बस? माह्या पोरीचा चुडा भरला तुमी." तिचा आवाज अजून दबलेला होता. "एवढुशावर उठता?"

"पोट भरलं वं."

"ते काई नाही चालत. माही शपथ हाये तुमाले. हा घास घ्याच."

"बरं, तू म्हणतं त." हसीनाबीनं चिमटीत मावेल एवढा भात उचलला, सावकाश चावला, आणि लगेच पानावर हात आडवा धरला. "आता नाही. आता वाढशीन त भांडण होईन."

"होऊ द्या भांडण! बुंदी घ्या."

मामीनं बुंदीचा एक दाणा उचलला आणि हसीनाबीच्या आडव्या हाताच्या फटीतून पानात टाकला. बायका खुदकन हसल्या. असा तो चमचाभर भात कितीतरी वेळ पुरला. पूर्वीच्या पोटभर जेवणाला जेवढा आग्रह झाला असेल, तेवढा पुरता झाला. मग हसीनाबीनं हात धुतला, पदरानं तोंड पुसलं, आणि सवयीनं सगळ्या गप्प होऊन थांबल्या. थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं, आणि कुणी कुणाकडे बघेना.

हसीनाबीनं सगळ्यांवरून नजर फिरवली. गाल फुगवले. आणि तोंडानं, नुसत्या तोंडानं, लहान मुलं काढतात तसा एक मोठा खोटा ढेकर काढला. मध्ये थांबायचंसुद्धा विसरली नाही.

 मग स्वयंपाकघरातून कुणीतरी ओरडलं, "लाभला वं चुडा!" आणि सगळं घर हसायला लागलं. मामी हसता हसता खालीच बसली.

त्या पावसाळ्यात हसीनाबी मुलीकडे पुसदला राहायला गेली आणि हिवाळ्यात तिकडेच वारली. झोपेत, म्हणाले. मी तिला त्यानंतर पाहिलं नाही. तिच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

मला ती दिसते ती त्या दुपारची. जेवण झाल्यावर आतल्या खोलीत मामीनं तिच्यासाठी गोधडी अंथरली. बाहेर मांडवात भोंगा लागला होता, मुलं धावत होती, आणि ती त्या गोंधळात उताणी, अगदी सपाट, उशीशिवाय झोपली होती. मी शेजारी बसले होते. मामी काम टाकून दर थोड्या वेळानं दारात यायची, तिच्या छातीकडे बघायची, ती वर येते, खाली जाते आहे हे पाहून परत जायची. हसीनाबीचे दोन्ही हात अंगापासून दूर पसरलेले होते, पंजे उघडे, बोटं सैल. एकटी एकटी उरलेली बांगड्यांची ती रांग मनगटावरून घसरून जमिनीला टेकली होती.